पांढरा करकोचा : शिवारातील हिवाळी पाहुणा

कोल्ह्याने करकोच्याला मेजवानीस बोलावून पसरट थाळीत खीर वाढली आणि दुसऱ्या दिवशी करकोच्याने उंच मानेच्या सुरईत भोजन ठेवून त्याची परतफेड केली, ही इसापाची कथा ठाऊक नसलेला विद्यार्थी शोधूनही सापडावयाचा नाही. परंतु ह्याच विद्यार्थ्यांस हरभऱ्याच्या शेतात उभा असलेला खराखुरा करकोचा दाखवून 'हा कोण?' असे विचारले, तर बहुतेकांचे उत्तर 'बगळा' असे येते. दोष त्यांचा नाही. हीच कथा हिंदी पुस्तकात वाचावी, तर करकोच्याच्या जागी सारस येऊन बसतो. काही मराठी पुस्तकांत तो बगळा होतो. आणि सोबतच्या चित्रात चित्रकाराच्या मनास येईल तो लांब पायांचा पक्षी काढलेला असतो. आपल्यासारख्या सीमेवरच्या मुलुखात मुलांच्या कानांवर मराठी आणि हिंदी दोन्ही भाषा सारख्याच पडतात. त्यामुळे ह्या पक्ष्याला नावे तीन मिळाली, ओळख मात्र एकही उरली नाही. म्हणून ह्या लेखात पांढऱ्या करकोच्याची ओळख जरा सविस्तर करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम बगळ्याशी होणारा घोटाळा दूर करू. ढोरांच्या पाठीवर बसणारा गायबगळा हा फार तर हातभर उंचीचा पक्षी. पांढरा करकोचा उभा राहिला म्हणजे १०० ते ११५ सेंटिमीटर भरतो. इयत्ता पहिलीतील मुलाच्या डोक्याशी त्याचे डोके लागावे एवढी ही उंची. बगळा सर्वांगी पांढरा असतो. करकोच्याचे पंख मिटलेले असले म्हणजे पाठीमागची अर्धी बाजू काळी दिसते, कारण उड्डाणाची मोठी पिसे काळी असतात. चोच लांब, सरळ आणि लाल, पायही लाल. तथापि सर्वांत सोपी खूण आकाशात दिसते. बगळा उडताना मान इंग्रजी 'एस' अक्षरासारखी मुडपून घेतो. करकोचा ती भाल्याप्रमाणे सरळ पुढे ताणतो आणि पाय मागे ताणतो. एवढी एक खूण ध्यानात ठेवली तरी दहापैकी नऊ वेळा चूक होणार नाही.

उरलेली दहावी वेळ क्रौंचकुलातील पक्ष्यांची होय, कारण तेही मान ताणूनच उडतात. हिवाळ्यात नद्यांच्या वाळवंटांत थव्याने उतरणारा, राखी रंगाचा कांड्या करकोचा हा नावाने करकोचा असला तरी जातीने क्रौंच आहे. तो आकाशातून जाताना मोठ्याने ओरडत जातो. त्याची हाक दोन शेते पलीकडे ऐकू येते. तो झाडावर कधी बसत नाही. पांढरा करकोचा झाडावर बसतो, आणि आकाशात तो संपूर्ण मुका असतो. ह्या मुकेपणाविषयी पुढे सांगू.

ह्या नावांच्या गोंधळामुळेच पक्षितज्ज्ञांनी करकोच्यांच्या कुळासाठी 'बलाक' हा संस्कृत शब्द पुढे आणला आणि पांढऱ्या करकोच्यास 'श्वेत बलाक' म्हटले. त्याचे भाऊबंद म्हणजे चोचीत फट असलेला मुग्धबलाक, गुलाबी पिसांचा चित्रबलाक आणि काळ्या अंगाचा कृष्णबलाक. २०२५ साली निवर्तलेले मारुती चितमपल्ली हे वनखात्यातील अधिकारी; त्यांनी रानावनांत हिंडून, आदिवासी व मच्छीमार बांधवांच्या तोंडून पक्ष्यांची नावे गोळा केली आणि 'पक्षीकोश' सिद्ध केला. मराठीत पक्ष्यांविषयी लिहिणाऱ्या कोणासही त्यांचे ऋण मान्य करूनच लेखणी उचलावी लागते. आम्हांस स्वतःला 'बलाक' हा शब्द आवडतो, परंतु शिवारात उभे राहून 'तो पाहा बलाक' असे म्हणण्याचा धीर मात्र होत नाही; म्हणून येथे करकोचाच म्हणतो.

आणखी एक नाव सांगण्याजोगे आहे. फारसी भाषेत ह्या पक्ष्यास 'लकलक' म्हणतात, उत्तर हिंदुस्थानात त्याचेच 'लगलग' झाले, आणि दरवर्षी दूरची यात्रा करून परत येणारा म्हणून त्यास 'हाजी' ही पदवीही मिळाली. 'लकलक' हा शब्द त्याच्या आवाजावरून आला आहे. मात्र हा आवाज कंठातला नव्हे. बहुतेक पक्ष्यांच्या श्वासनलिकेच्या तळाशी स्वरयंत्र असते व त्याचे स्नायू आवाजास वळण देतात. करकोच्याच्या ठिकाणी हे स्नायू विकसितच झालेले नाहीत. म्हणून तो चोचीच्या दोन्ही पात्या एकमेकींवर वेगाने आपटून खडखडाट करतो. असे करताना तो मान मागे वळवून डोके थेट पाठीवर टेकवतो, आणि गळ्याखालची पिशवी त्या नादास घुमाराही देते. लाकडी टाळ जलद वाजवावेत तसा हा ध्वनी असतो. नर-मादी घरट्यावर भेटली म्हणजे असा गजर करतात. परक्या करकोच्यास हुसकावून लावावयाचे असले तरीही तोच. आपल्या देशात तो घरटे करीत नसल्यामुळे हे वाद्य आपल्या कानांवर क्वचितच पडते.

आता त्याच्या पायांची एक मौज. पाय लाल म्हणून सांगितले, तरी भर उन्हात पाहिलेल्या करकोच्याचे पाय पुष्कळदा चुन्याने माखल्यासारखे पांढरे दिसतात. त्याचे कारण असे की, पक्ष्यास आपल्यासारखा घाम येत नाही. फार उकडू लागले म्हणजे करकोचा आपली पातळ विष्ठा स्वतःच्याच पायांवर सोडतो. तिच्यातील पाणी उडून जाताना पायांतील रक्त थंड होते व ते थंड रक्त शरीरभर फिरते. आपल्या घरचा पाण्याचा माठ ज्या नियमाने गार होतो, तोच हा नियम. ह्या सवयीमुळे शास्त्रज्ञांची मात्र अडचण झाली. पक्ष्याच्या पायात ओळखीचे कडे घातले तर त्याभोवती विष्ठा वाळून घट्ट बसते व पायास इजा होते. म्हणून करकोच्याचे कडे आता पायाच्या वरच्या भागात, ज्यास आपण गुडघा समजतो त्याच्यावर घालतात. हा 'गुडघा' मागे वाकतो हे पाहून मुलांस नेहमी नवल वाटते. वस्तुतः तो गुडघा नसून घोटा आहे. खरा गुडघा वर, पिसांच्या आत झाकलेला असतो. पक्षी आयुष्यभर बोटांवरच चालतो.

त्याच्या आहाराविषयी इसापाने मोठा गैरसमज करून ठेवला आहे. करकोचा सुरईतले खाणारा नव्हे, तो मोकळ्या रानात चालत चालत वेचून खाणारा आहे. टोळ, नाकतोडे, भुंगेरे, गांडुळे, बेडूक, सरडे, लहान साप, उंदीर, उथळ पाण्यातील मासे, जे चोचीत सापडेल ते तो अख्खेच्या अख्खे गिळतो. केस, हाडांचे तुकडे, किड्यांची कवचे असा न पचलेला भाग गोळा करून तोंडावाटे टाकून देतो. ह्या गोळ्या फोडून पाहिल्या म्हणजे त्याने काय खाल्ले ह्याची यादीच हाती येते; पक्षितज्ज्ञांचा पुष्कळसा अभ्यास अशाच गोळ्यांवर झाला आहे. जेथे नांगर चालतो, जेथे गवत कापले जाते, तेथे करकोचे मागोमाग येतात, कारण दडलेले किडे तेव्हा उघड्यावर पडतात. आफ्रिकेत गवताच्या रानाला वणवा लागला म्हणजे जिवाच्या भीतीने पळणारे टोळ पकडण्यासाठी करकोचे त्या वणव्याच्या कडेनेच उभे राहतात. आम्ही कोंकणी मुलुखातले. भातखाचरात नांगरामागून चालणारे बगळे पाहत वाढलो, आणि गोव्यातील करमळीच्या तळ्यावर गोगलगायी फोडणारे मुग्धबलाक पुष्कळदा पाहिले. मुग्धबलाकाच्या चोचीत फट असते ती ह्या गोगलगायींसाठीच. पांढरा करकोचा मात्र एका खाद्याचा मिंधा नाही, आणि म्हणूनच तो एवढा दूरचा प्रवासी होऊ शकला.

तापीचे आपले हे खोरे उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगरांनी बांधलेले आहे. केळी आणि ऊस ह्यांच्या दाट मळ्यांत करकोच्यास काही काम नाही; त्यास लागते ती मोकळी जमीन. कापूस वेचून झालेली शेते, हरभऱ्याची व गव्हाची काळी राने, नदीकाठची ओल, आटत चाललेली तळी ही त्याची ठिकाणे. पांढरा करकोचा सप्टेंबर-ऑक्टोबरात भारतात येऊ लागतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततो. गुजरात-राजस्थानाकडे तो अधिक, दक्षिणेकडे व पूर्वेकडे उत्तरोत्तर विरळ. महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर येथे तो हिवाळ्यात दिसतो. हे पाणथळ २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. आपल्याहून फार दूर नसलेला, तापी-पूर्णेच्या पाण्याने भरणारा हतनूरचा जलाशयही पक्ष्यांचे महत्त्वाचे क्षेत्र म्हणून मान्यता पावला आहे. हतनूरला सहल न्यावी, असे आम्ही आमच्या मुख्याध्यापकांस येथे जाहीरपणे सुचवून ठेवतो.

येथे एका गंभीर गोष्टीकडे वळावे लागते. करकोचा शेतकऱ्याचे किडे खातो, म्हणजे तो बिनपगारी राखणदार आहे, असे म्हणून कौतुक करणे सोपे आहे. परंतु त्याच किड्यांवर आपण विष फवारतो, आणि विष पिऊन सुस्तावलेला नाकतोडा हाच करकोच्यास सर्वांत सहज सापडतो. हा नुसता तर्क नव्हे. अमेरिका खंडात स्वेन्सन नावाच्या माणसावरून ओळखला जाणारा एक ससाणा आहे. तो उन्हाळ्यात उत्तर अमेरिकेत राहतो, हिवाळा टाळण्यासाठी अर्जेंटिनात जातो आणि तेथे मुख्यतः टोळ-नाकतोडे खातो. थोडक्यात, त्याचे वेळापत्रक आपल्या करकोच्यासारखेच. १९९५-९६ च्या हंगामात अर्जेंटिनातील शेतांत आणि झाडांखाली हे ससाणे हजारोंनी मेलेले आढळले. नाकतोड्यांसाठी मोनोक्रोटोफॉस हे औषध फवारले गेले होते. त्यानंतर तेथे त्या औषधास आळा घालण्यात आला व मृत्यू थांबले. हेच औषध आपल्याकडे कपाशीवर वर्षानुवर्षे फवारले गेले. आणि पक्ष्यांची गोष्ट दूर राहो, २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले. फवारणी करणाऱ्याच्या घरची मुले आपल्या वर्गांत बसतात. तोंडाला फडके नाही, हातांत मोजे नाहीत, वाऱ्याकडे तोंड, आणि घरी येऊन त्याच कपड्यांनी जेवण, हे दृश्य परके नाही. ह्या मासिकाची पाने ज्या पालकांच्या हाती पडतील त्यांस आमची एवढीच विनंती आहे की, रिकामा डबा विहिरीच्या काठी टाकू नये, त्यात पाणी तर मुळीच भरू नये, आणि फवारलेल्या शेतात मुलांस निदान काही दिवस पाठवू नये. 'औषध' हा शब्दच येथे फसवा आहे. डब्यावरच्या लाल त्रिकोणाचा अर्थ सरळ 'जहाल विष' असा आहे.

टोळांचा विषय निघाला म्हणून सांगतो. २०२० च्या उन्हाळ्यात राजस्थानातून निघालेल्या टोळधाडी मध्यप्रदेश व विदर्भापर्यंत पोहोचल्या, तेव्हा थाळ्या वाजवून व औषध फवारून त्यांस पिटाळावे लागले. करकोचे टोळांच्या थव्यांवर तुटून पडतात ही गोष्ट खरी. पण मे महिन्यात ते येथे नसतात. शिवाय कोट्यवधी टोळांपुढे काही शे करकोचे काय करणार? पक्ष्यांची थोरवी सांगताना हिशेब विसरू नये.

आता प्रवासाकडे. थंडीच्या दिवसांत युरोपातून करकोचे नाहीसे होत, वसंतात पुन्हा घराच्या छपरावर येऊन उभे राहत. मधल्या काळात ते जातात कोठे, हे कोडे दोन हजार वर्षे सुटले नव्हते. थोर तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल ह्याने काही पक्ष्यांच्या स्थलांतराविषयी अचूक लिहिले, परंतु करकोचा हिवाळ्यात कोठेतरी दडून निपचित पडतो असेही तो लिहून बसला. एवढ्या मोठ्या माणसाचे मत खोडावयाचे कोणी? ते अखेर एका मुक्या पक्ष्यानेच खोडले. १८२२ सालच्या मे महिन्यात उत्तर जर्मनीतील क्ल्यूट्स गावाजवळ एक करकोचा मारला गेला. त्याच्या मानेतून सुमारे ८० सेंटिमीटर लांबीचा एक भाला आरपार गेलेला होता. भाल्याचे लाकूड आणि घडण पाहता तो आफ्रिकेतला ठरला. म्हणजे आफ्रिकेत कोणा शिकाऱ्याने तो फेकला, आणि तो मानेत घेऊन हा पक्षी हजारो मैल उडत आपल्या घरट्याच्या देशी परतला. पेंढा भरून ठेवलेला हा करकोचा रोस्टॉक विद्यापीठात आजही पाहावयास मिळतो. असे बाण व भाले घेऊन आलेले करकोचे पुढे आणखीही सापडले. जर्मन भाषेत त्यांच्यासाठी 'बाण-करकोचा' असा स्वतंत्र शब्दच रूढ झाला.

पुढे भाल्याची जागा कड्याने घेतली. डेन्मार्कमधील मॉर्टेन्सन नावाच्या एका शाळामास्तराने १८९९ साली पक्ष्यांच्या पायांत क्रमांक घातलेली धातूची कडी अडकवण्यास आरंभ केला. हा शोध आमच्या पेशातील माणसाचा आहे, हे येथे थोड्या अभिमानाने नमूद करतो. कड्यांवरून कळले ते असे. युरोपातील करकोचे दोन वाटांनी आफ्रिकेत जातात. पश्चिमेकडचे स्पेनमार्गे जिब्राल्टरची चिंचोळी सामुद्रधुनी ओलांडतात. पूर्वेकडचे तुर्कस्तानातील बॉस्फरसवरून, सीरिया-पॅलेस्टाइनच्या किनाऱ्याने इजिप्तकडे वळतात. मधला भूमध्य समुद्र सरळ ओलांडला तर वाट किती जवळची! परंतु करकोचा तसे करीत नाही. आणि आपल्याकडचे पाहुणे? त्यांतील बहुतेक मध्य आशियातील, म्हणजे उझबेकिस्तान, ताजिकिस्तान, कझाकस्तान ह्या प्रदेशांतील असावेत असे तज्ज्ञ मानतात. तेथला करकोचा युरोपातल्याहून किंचित मोठा व लांब चोचीचा असतो. तरीपण जर्मनीत पिल्लू असताना कडे घातलेला एक करकोचा राजस्थानातील बिकानेरात सापडल्याची नोंद आहे. सलीम अलींनी आपल्या ग्रंथात ह्या नोंदीस जागा दिली आहे.

समुद्र का टाळतो, ह्याचे उत्तर त्याच्या पंखांत आहे. पंख पसरले म्हणजे हा पक्षी ५ ते ७ फूट रुंद होतो, आणि त्याचे वजन अडीच ते साडेचार किलो. एवढे धूड पंख मारून उचलत राहणे त्यास परवडत नाही. म्हणून तो उन्हाने तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या खांबात शिरतो, पंख न हलवता गोल गोल फिरत शेकडो मीटर उंच जातो, आणि तेथून घसरगुंडीवरून यावे तसा पुढे तरंगत जाऊन दुसरा खांब गाठतो. समुद्राच्या पाण्यावर असे खांब उठत नाहीत. म्हणूनच करकोचा सकाळी लवकर निघत नाही. ऊन चांगले चढले म्हणजे निघतो आणि उन्हे कलली की उतरतो. प्रवासात दिवसाकाठी दोन-तीनशे किलोमीटर वाट तो अशी कापतो. आपल्या खोऱ्यात घारी दहा-अकराच्या सुमारास चक्राकार वर चढू लागतात, ते ह्याच खांबांवर. त्या घिरट्यांत पांढरे-काळे मोठे पक्षी दिसले तर खाली उभे राहून मान दुखेपर्यंत पाहावे.

वाट त्यांस शिकवतो कोण? जर्मनीतील अर्न्स्ट श्यूट्स ह्या शास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या दशकात मोठा चतुर प्रयोग केला. पूर्व प्रशियातील, म्हणजे पूर्वेच्या वाटेने जाणाऱ्या कुळातील, पिल्ले त्याने पश्चिम जर्मनीत नेऊन वाढविली आणि तेथील सर्व करकोचे निघून गेल्यावरच सोडली. सोबतीस कोणी वाटाड्या नव्हता. तरीही ती आपल्या पूर्वजांच्या दिशेनेच, आग्नेयेकडे, उडाली. म्हणजे दिशा रक्तातच असते. परंतु स्थानिक करकोच्यांबरोबर सोडलेली पिल्ले त्यांच्या मागे पश्चिमेच्या वाटेने गेली. म्हणजे संगतीचेही चालते! आनुवंश प्रबळ की संस्कार, हा वक्तृत्वस्पर्धेतला आवडता विषय करकोच्याने अशा रीतीने अनिर्णित ठेवला आहे. अलीकडे, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात २७ तरुण करकोच्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली लहान यंत्रे बसवून त्यांच्या पहिल्या प्रवासाची नोंद घेण्यात आली. हवेचा खांब पटकन हेरणारे काही पक्षी पुढे राहिले, त्यांना पंख कमी मारावे लागले, आणि तेच आफ्रिकेपर्यंत पोहोचले. मागे राहणाऱ्यांस पंख फार मारावे लागले व त्यांनी प्रवास पुष्कळसा स्पेनमध्येच आटोपला. निघाल्यावर पहिल्या काही मिनिटांतील उड्डाण पाहूनच कोण किती दूर जाईल ह्याचा अंदाज शास्त्रज्ञांस बांधता आला.

परतीच्या प्रवासात बहुधा नर आधी पोहोचतो व जुन्या घरट्याची डागडुजी सुरू करतो. हे घरटे म्हणजे काटक्यांचा अवाढव्य ढीग. उंच झाडावर, छपरावर, धुराड्यावर, देवळाच्या मनोऱ्यावर ते रचलेले असते. दरवर्षी त्यात भर पडते, आणि जुन्या घरट्याचे वजन शेकडो किलो होते. त्याच्या बाजूंच्या भोकांत चिमण्या बिऱ्हाड करतात. मादी बहुधा चार अंडी घालते. दोघे आळीपाळीने ३३-३४ दिवस ती उबवतात, आणि दोन महिन्यांनी पिल्ले उडू लागतात. उन्हाच्या दिवशी आईबाप चोचीतून पाणी आणून पिल्लांच्या अंगावर ओततात. अन्न अपुरे पडले म्हणजे मात्र सर्वांत दुबळे पिल्लू कधी कधी आईबापांकडूनच घरट्याबाहेर टाकले जाते. वात्सल्याचा आदर्श म्हणून करकोच्याची चित्रे छापणाऱ्यांस हे सांगितलेले आवडत नाही. परंतु निसर्ग आपल्यासाठी धडे तयार करीत बसत नाही.

नर-मादीची निष्ठा हाही असाच एक विषय. पक्षितज्ज्ञ म्हणतात की, करकोच्याची निष्ठा जोडीदारापेक्षा घरट्याशी अधिक; दोघेही एकाच घरट्याकडे परततात म्हणून जोडी टिकते. ह्याच्या उलट बाजूने लोक क्रोएशिया देशातील एक उदाहरण देतात. तेथे १९९३ साली शिकाऱ्याच्या गोळीने पंख मोडलेली एक मादी शाळेतील एका शिपायाला तळ्याकाठी सापडली. त्याने तिला घरी आणले, मालेना असे नाव ठेवले, हिवाळ्यात घरात व उन्हाळ्यात छपरावरच्या घरट्यात सांभाळले. पुढे एक नर तिच्यापाशी येऊ लागला. २००२ पासून वर्षानुवर्षे तो हिवाळ्यात दक्षिण आफ्रिकेस जाई आणि वसंतात त्याच छपरावर परत येई. २०२१ साली मालेना म्हातारपणाने मरण पावली. तो येई तो मालेनासाठी की घरट्यासाठी, ह्याचा निर्णय आम्ही वाचकांवर सोपवितो. उडता न येणाऱ्या पक्ष्याला इतकी वर्षे मासे आणून घालणाऱ्या त्या शिपायाच्या निष्ठेविषयी मात्र शंका घेण्यास जागा नाही.

विसाव्या शतकात पश्चिम युरोपात दलदली बुजविल्या गेल्या, कुरणे नांगरली गेली आणि करकोचे झपाट्याने घटले. स्वित्झर्लंडमधील शेवटचे घरटे १९४९ साली रिते झाले. माक्स ब्लेश ह्या व्यायामशिक्षकाने तेथील आल्ट्रॉय गावी बाहेरून पिल्ले आणून ती वाढविण्याचा उद्योग चालविला, आणि कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर त्या देशात पुन्हा करकोचे नांदू लागले. पोलंड देशात ते मुळातच विपुल. तेथे सुमारे ५० हजार जोडपी घरटी करतात. उझबेकिस्तानातील फरगाना खोऱ्यात जुनी झाडे गेली तेव्हा करकोच्यांनी विजेच्या खांबांवर घरटी थाटली. खांब त्यांना मानवले, तारा मात्र मानवल्या नाहीत. उतरताना वा उडताना तारेस धडकून अथवा विजेचा धक्का बसून मरणे हे आज जगभर करकोच्यांच्या मृत्यूचे एक मोठे कारण आहे. आपल्या शिवारावरूनही तारांची जाळी गेलेली आहेच.

ज्या विद्यार्थ्यांस हे वाचून शोध घ्यावासा वाटेल त्यांनी दसऱ्यापासून होळीपर्यंत एक वही ठेवावी. तीत दिनांक, वेळ, शेत कोणाचे व पीक कोणते, पक्षी किती, आणि ते काय करीत होते एवढेच लिहावे. पक्ष्याच्या जवळ जाऊ नये, दगड तर मारूच नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार हा गुन्हा आहे. पायांत कडे दिसले तर ते कोणत्या पायात, घोट्याच्या वर की खाली, रंग कोणता व त्यावर अक्षरे कोणती, हे जमेल तेवढे टिपून घ्यावे. एखादा करकोचा तारेखाली मेलेला आढळला, तर तो हाताळण्यापूर्वी शाळेत कळवावे. त्याच्या पायातले कडे भंगारात देऊ नये. त्याच्यावरचा क्रमांक पक्ष्यांस कडी घालण्याचे काम करणाऱ्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीस, १८८३ साली स्थापन झालेल्या ह्या संस्थेस, पत्राने पाठवावा. पक्षी कोणत्या देशातून आला होता आणि कोणत्या साली त्याच्या पायात ते कडे पडले होते, हे तेथून शोधून काढता येते. पत्र लिहावयास आम्ही मदत करू.